चिंचोक्याएवढे किडे आणि आमचे डॉक्टर

"थुंका, संकोच करू नका," असं म्हणून काचेची बशी पुढे करणाऱ्या माणसाबद्दल मी लिहायला बसलो आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. त्यामुळे असं काही लिहिणं मला शोभतं का, याची खात्री नाही. चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

साठ सालानंतरची गोष्ट. डॉक्टरांचा दवाखाना तलासरीला होता. मी डहाणूजवळच्या आगर गावचा, मच्छीमाराच्या घरातला. प्राणिशास्त्र शिकत होतो, म्हणून सुट्टीत त्यांचा सूक्ष्मदर्शक बघायला जायचो. कोणी मेलेलं रानमांजर आणून दिलं, की डॉक्टर आणणाऱ्यासाठी चहा टाकायला सांगत आणि तो होईपर्यंत मांजराचं फुप्फुस उघडत. चहाला सहसा कोणी थांबत नसे.

फुप्फुसातल्या गाठींत तांबूस, फुगीर, चिंचोक्याएवढे किडे निघत. डॉक्टर ते कोमट मिठाच्या पाण्यात सोडत, पाहुण्यांना पाट द्यावा तसे.

पाड्यावरची सोनी सासऱ्याबरोबर आली, ती रक्त खोकत. घरच्यांनी क्षय समजून तिला शेताच्या टोकाला वेगळं खोपट घालून दिलं होतं आणि तान्हं पोर काढून घेतलं होतं. डॉक्टरांनी तिची थुंकी तपासली.

"क्षय नाही! किड्यांची अंडी आहेत," ते आनंदाने म्हणाले. यात आनंद कसला, ते सासऱ्याला कळेना.

सोनीने एकच विचारलं, "पोर कवा देतील?"

डॉक्टरांनी ओळखीतून परदेशी औषध मिळवलं. आधी ते मांजरातल्या किड्यांवर टाकून पाहिलं.

"कातडीकडे बघ," ते मला म्हणाले.

भिंगाखाली किड्याच्या कातडीवरचे बारीक काटे स्पष्ट दिसत होते. मग कातडी सुजली. तिच्यावर फोड आले, फुटले. सालपट निघाल्यासारखी ती सुटली, काटे गळाले. चिकटून बसायची वाटी सैल पडली.

"मेला, सर," मी म्हणालो.

"घाई नको. कातडी हे त्याचं चिलखत, आणि तिच्यातूनच तो अन्नही शोषतो. ती फाटली, की उरलेलं काम सोनीचं रक्त करील."

गोळ्या सुरू झाल्या. काही दिवसांनी सोनी सहज म्हणाली, "गोळी बरी. चिंबोरीचा रस लय वास मारतो."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. सासरा नदीतल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, कच्चेच ठेचून, फडक्यातून गाळून तिला पाजत होता. किडे शिरत होते ते त्याच चिंबोऱ्यांतून.

"म्हणजे सकाळी मी मारतो आणि संध्याकाळी तुम्ही नवे भरता?"

"खोकल्याला तोच रस लागतो, डाक्तर. तुला नाय ठावं. माझा बापूस पण प्यायचा."

"बापूस कशाने गेला?"

सासऱ्याने जरा विचार केला. "खोकल्याने."

रस बंद झाला. गोळ्या पहिल्यापासून सुरू झाल्या. रक्त थांबलं, पण सासू पोर देईना. शेवटी डॉक्टर स्वतः पाड्यावर गेले आणि सगळ्यांसमोर सोनीच्या हातचं, तिच्याच तांब्यातलं पाणी प्यायले.

सासू म्हणाली, "तुला काय, तू डाक्तर."

पावसाळ्यात डॉक्टरांच्या छातीत दुखू लागलं. डहाणूच्या इस्पितळात मी त्यांना भेटलो.

"पोर दिलं का रे?"

"अजून नाही, सर."

या वेळी ते 'घाई नको' म्हणाले नाहीत. त्याच आठवड्यात गेले.

दिवाळीनंतर डहाणू रोडला गवताच्या गाडीवर सोनीचा सासरा दिसला. मला पाहून त्याने गाडी थांबवली. मी तोंड उघडण्याआधीच तो ओरडला,

"डाक्तरला सांग, पोर दिलं सोनीला! पयलं लय रडलं, आयशीला वळखीना. आता तिला सोडीत नाय."