चिंगीचं अंगण

अक्का झुरळ मारत नसत, त्याला पत्ता सांगत. सुपलीत घेऊन दारापर्यंत नेत आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "पावणं, समोरच्या घराकडं जावा. तिथं उष्टं बरंच असतंय." समोरच्या काकू हे खिडकीतून ऐकत, आणि मग चार दिवस दोघींचं बोलणं बंद. बोलणं बंद असलं तरी सणाची वाटी मात्र जायचीच.

शिवाजी पेठेतल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही नवरा-बायको भाड्यानं राहायचो. अक्का पक्क्या जैन. पाणी गाळून घ्यायच्या, दिवस मावळला की जेवण बंद. खोली देताना त्यांनी एकच अट घातली होती, घरात मटण-मासे-अंडी आणायची नाहीत. कोल्हापुरात ही अट पाळणं म्हणजे काय, ते कोल्हापूरकरालाच कळेल. आम्ही बाहेर ताव मारून यायचो आणि पाळायचो. अडचण होती आमच्या चिंगीची. मांजराला अट कोण सांगणार?

अक्का रोज सकाळी गच्चीवर जोंधळे टाकायच्या. चिमण्या, साळुंक्या, बुलबुल अशी सगळ्यांची हजेरी घ्यायच्या, उशिरा आलेलीला झापायच्या. एके दिवशी चिंगीनं त्यातलीच एक चिमणी धरली आणि थेट अक्कांच्या देवघराच्या उंबऱ्यावर आणून ठेवली. तिच्या मते तो नजराणा होता. अक्कांनी चिमणी फडक्यात घेतली, जास्वंदीच्या बुडाशी पुरली आणि दिवसभर पाण्याशिवाय काही घेतलं नाही. आता एक तर खोली जाणार, नाहीतर चिंगी. ह्यांनी तर तिला पोत्यात घालून मंडईत सोडून येण्याची भाषा सुरू केली. ते जिन्यातून अक्कांच्या कानावर गेलं.

"मांजर सोडून आलासा तर ह्या घरात पाऊल टाकायचं न्हाय," अक्का म्हणाल्या. "तिला पोट हाय, पाखराला जीव हाय. दोघांच्या मधी जाळी मारा की."

झालं! हे फाउंड्रीत कामाला, वेल्डिंगला हात बसलेला. पुढच्याच रविवारी गच्चीवर ठिणग्या उडायला लागल्या आणि अक्कांच्या अंगात वारं शिरलं. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर चौकोनी जाळी, आत भिंतीला चढत्या फळ्या, कढीपत्त्याची कुंडी, जुन्या वाकळेचा झोपाळा. चिंगी पायातून सटकू नये म्हणून एकामागं एक दोन दारं; पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. शेजारच्या गच्च्यांवरून अख्खी गल्ली सल्ले देत होती आणि अक्का प्रत्येक सल्ला उलट टपाली परत पाठवत होत्या. कुणी पिंजरा म्हणालं की खवळायच्या. पिंजरा नाही, अंगण म्हणायचं. काम संपल्यावर चिंगीच्या आधी त्या स्वतः आत गेल्या, दोन्ही दारं लावून घेतली आणि स्टुलावर बसून राहिल्या. कशाला, तर आत करमतंय का ते बघायला! बाहेर येऊन म्हणाल्या, ऊन सकाळचं येतंय, बेस हाय.

त्या आनंदात एक घोटाळाही त्यांनीच केला. पाखरांची पाण्याची परात उचलून त्यांनी अंगणाच्या छतावर ठेवली. खाली मांजर, वर पाखरं, दोघांनी एकमेकांना बघत गुण्यागोविंदानं राहावं ही कल्पना. पाखरं जमली, आणि चिंगी वरच्या फळीवरून झेपावून जाळीला उलटी लटकली. एका साळुंकीचं शेपूट थोडक्यात वाचलं. परात तिथून हलवली, पहिल्या छतावर वीतभर उंच दुसरी जाळी आली. त्यानंतर मात्र एकाही पाखराला ओरखडा आला नाही. अक्का रोज संध्याकाळी स्टूल टाकून चिंगीशी गप्पा मारत बसायच्या, आणि मला गल्ली जिंकल्यासारखं वाटायचं.

पण चिंगी वाळायला लागली. आम्ही समजत होतो तशी ती दूध-चपातीवर जगत नव्हतीच. बाहेर हिंडून आपलं पोट आपण भरत होती. आम्ही ती वाट बंद केली. जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हिला मांस-मासळी पाहिजे, नाहीतर फार दिवस काढणार नाही. मी ते अक्कांना सांगितलं. अट मोडा असं त्यांना कुठल्या तोंडानं म्हणणार होते मी? राधानगरीला माझी नणंद राहते, तिच्या घरी मासे असतात. चिंगीला तिकडं पाठवायचं ठरवलं आणि रडत रडत तिच्या सामानाची टोपली भरली.

निघायच्या दिवशी अक्का जिना चढून वर आल्या. धाप लागली होती. पदराखालून त्यांनी एक पिशवी काढली, मांजराचं चित्र असलेली, जनावरांच्या खाण्याच्या दुकानातली. आयुष्यात पहिल्यांदाच असल्या दुकानाची पायरी चढल्या होत्या. मी पिशवी हातात घेऊन वरचं वाचायला लागले, तसा त्यांनी माझा हात धरला.

"तेच्यावर काय लिवलंय ते मला वाचून दावू नगं," त्या म्हणाल्या. "मला कळलं तर मला आणता यायचं न्हाय."

मग दोन्ही दारं एकामागं एक लावत त्या अंगणात गेल्या, ताटलीत पिशवीतले दाणे ओतले आणि चिंगीकडं पाठ करून उभ्या राहिल्या. चिंगी कुडुम कुडुम खात होती. ताटली रिकामी होईपर्यंत अक्कांचे ओठ हलत होते. त्या कुणाची क्षमा मागत होत्या, मी विचारलं नाही. टोपली मी त्याच दिवशी रिकामी केली.

अक्का गेल्या त्याला आता वर्ष होऊन गेलं. आम्ही आमच्या फ्लॅटमध्ये आलो, चिंगी आली, ते अंगणही सांधे कापून आणलं आणि बाल्कनीत परत जोडलं. दाणे त्याच दुकानातून येतात. मी शिकलेली बाई, दिवसभर कागद वाचणं हेच माझं काम. पण त्या पिशवीवर काय लिहिलंय, ते मी अजून वाचलेलं नाही.