वारा सोसना

कुंभकोणमला बदली झाली, तेव्हा जुन्या गाडीला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बसवायची हौस मला चढली होती. दारासुरम रस्त्यावरच्या मेकॅनिकला मी मोडक्या तमिळमध्ये, हातवारे करून ते सांगत होतो. त्याने माझी महाराष्ट्राची नंबरप्लेट पाहिली, इंजिनाचा ब्लॉक पितळी घागरीसारखा वाजवला आणि चक्क मराठीत बोलला, तीही इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतली, खापरपणजोबांच्या काळातली!

"ह्याच्या भिंती पातळ. टर्बोचा इतका वारा सोसना. फुटतील."

कोपऱ्यात एक तडकलेला ब्लॉक होता. त्याच्या चारही सिलिंडरांत माती भरून तुळशी लावल्या होत्या.

"हा टर्बोनेच फुटला?"

"होय. माझीच गाडी," तो खुशीत म्हणाला. "मजला कोणी सांगितलं नाहीं."

टर्बोचा नाद मी सोडला. निघताना त्याने मला तुळशीचं रोप दिलं आणि बजावलं, "हिला मात्र वारा बहुत पाहिजे."