टॅक्सपुरती लेक

आमच्या जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या आहेत, पण मी बसते ती एकाच खुर्चीत. तिथं बसलं की दाराजवळच्या खुंटीकडे पाठ होते. खुंटीवर थंडीचं एक निळं जॅकेट टांगलेलं असतं. ते ज्या बाईचं, तिला मी कधी पाहिलेलं नाही. कॅनबेरातल्या गुंगालिन भागातल्या या घरात मी ज्याच्याबरोबर राहते, त्याची ती बायको. आजारपणात गेली, तेव्हा त्यांची मुलगी पाच वर्षांची होती. आता मुलगी दहाची आहे आणि मला मावशी म्हणते. जिला कधी भेटलेही नाही, तिची मी अशी परस्पर बहीण होऊन बसले.

आमचं लग्न झालेलं नाही. सोलापूरला माझी आई नातेवाइकांना सांगते, पोरगी कॅनबेराला पेइंग गेस्ट म्हणून राहते. सांगू दे बापडी. खरं तर लग्न करायचं आम्ही ठरवलं होतं आणि त्यानं मोठ्या उत्साहानं मुलीला विचारलं होतं. ती तेव्हा सात वर्षांची. कॉर्नफ्लेक्सचा चमचा खाली ठेवून ती म्हणाली, "मग मम्माचा हजबंड कोण असेल?"

त्यानंतर त्यानं विषय काढला नाही. मीही नाही.

घरात मी एकटी असते तेव्हाही एकटी नसते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हसूच येतं. पण स्वयंपाकघरातल्या बरण्यांवर अजून तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत. 'गोडा मसाला' लिहिलेल्या बरणीत मी आमच्याकडचं काळं तिखट भरते. चिठ्ठी काढायला हात धजावत नाही. पहिल्यांदा ते तिखट घालून आमटी केली, तेव्हा मुलीनं एक घास घेतला, ओट्यावरच्या बरणीकडे पाहिलं आणि गुपचूप जेवली. तिनं तोंड वाकडं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ती बाई घरात आहे याची मला भीती वाटत नाही. माझ्यामुळे तिला घर सोडावं लागेल, याची वाटते. आणि तरीही माझं मन इतकं हावरट, की ही पोर एकदा तरी, कुठंतरी, माझी म्हणून मोजली जावी असं मला सारखं वाटायचं.

ते कुठं व्हावं, तर टॅक्स रिटर्नमध्ये. आधी माझा रिटर्न एजंट भरायचा. मागच्या जुलैत मी ठरवलं, आपणच बसायचं. तेव्हा मुलीच्या बाबानं मला समजावलं, की इथं एकत्र राहणारी जोडी टॅक्सवाल्यांच्या लेखी नवरा-बायकोच. आणि त्याच्या मुलीचं मीही करते, तेव्हा ती माझ्यावरही अवलंबून असलेली मुलगी धरतात. दोघांनी आपापल्या रिटर्नमध्ये ते लिहायचं. मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं. लग्नाशिवाय मूल आपल्या नावावर कसं लागेल, हे माझ्या सोलापुरी डोक्यात शिरेना. तसं लिहून मला एक डॉलरही जास्त मिळणार नव्हता, तरी माझी छाती धडधडत होती.

रविवारची दुपार होती. तो गाडी धुवून आणायला गेला होता. मी माझ्या खुर्चीत लॅपटॉप उघडून बसले होते आणि स्क्रीनवर प्रश्न आला, अवलंबून असलेली मुलं किती? तेवढ्यात मुलगी टोस्ट खात मागे येऊन उभी राहिली. तिनं प्रश्न वाचला.

"इज दॅट मी?"

हो म्हटलं. चालेल ना तुला, असंही विचारलं. मागे तिच्या बाबानं तिला लग्नाचं विचारलं होतं, आता मी विचारत होते, आणि ती नाही म्हणाली तर मी काय करणार होते कुणास ठाऊक. तिनं आधी चौकशी केली. बाबानंही तिला लिहिलंय का? लिहिलंय, दोघांना लिहिता येतं. मम्मापण लिहायची का? लिहीत असणार, दरवर्षी.

"आणि आता?" ती म्हणाली. "आता मम्माकडे झिरो?"

मी कीबोर्डवरचा हात काढून घेतला.

"झिरो नाही," मी म्हटलं. "ती आता रिटर्न भरत नाही, एवढंच. तिच्याकडून तुला कुणी खोडलेलं नाही."

टोस्टची कड तिनं चावून संपवली. मग "ओके, पुट वन" म्हणाली आणि जिन्याकडे निघाली. मी स्क्रीनकडेच बघत होते. पावलं खुंटीपाशी थांबली. जॅकेटची बाही सरसरली आणि ती हलक्या आवाजात म्हणाली,

"इट्स जस्ट फॉर टॅक्स, मम्मा."

मग ती वर गेली.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण नुसतं टॅक्सपुरतं असतं, तर आईची समजूत काढायला ती तिथं थांबलीच नसती.

मी एकचा आकडा लिहिला. लॅपटॉप उचलून समोरच्या खुर्चीत जाऊन बसले, जिथून जॅकेट दिसतं. आणि मग पाठवायचं बटण दाबलं.