शेजारच्या सुनेची शिटी

आमच्या शेजारच्या सुनेइतकं भित्रं माणूस या सबंध किनाऱ्यावर दुसरं झालं नसेल. मुलांनो, तुमची आजी पुराव्याशिवाय काही लिहीत नाही, तेव्हा आधी पुरावे देते. ती तळा गावची, म्हणजे डोंगराकडची. लग्न होऊन आगरदांड्याला आली आणि परसाच्या मागेच समुद्र बघून मला म्हणाली, "काकू, हा रोज इतका जवळ असतो?" वाडीतून जाताना नारळ पडेल म्हणून ती डोक्यावर टोपली पालथी घालून चाले. गॅस बंद केलाय की नाही हे बघायला एसटी स्टँडवरून परत येई आणि आलीच आहे म्हणून माझाही बघून जाई.

अशा बाईने एमबीए करायचं ठरवलं. तेही साधं नव्हे, समाजाचं भलं होईल असे धंदे कसे उभारायचे हे शिकवणारं. वर्ग शनिवार-रविवारी मुंबईला, म्हणजे मांडव्याहून बोटीने जाणं आलं. तिने शिटी लावलेलं एक नारिंगी जीवरक्षक जाकीट आणलं आणि ते घरूनच अंगात घालून निघू लागली. कंडक्टर म्हणाला, "वहिनी, रेवदंड्याच्या पुलावरून मी काय गाडी पाण्यात घालणार हाय?" ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही नाही हो घालणार. पण ब्रेक?" पूल संपेपर्यंत कंडक्टर दांडी घट्ट धरून उभा होता.

मी शाळेत इंग्रजी शिकवलेलं, म्हणून इंग्रजी पुस्तकं समजून घ्यायला ती माझ्याकडे येई. त्यात धोक्यांचा अंदाज कसा घ्यावा यावर अख्खा एक विषय निघाला, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "काकू, म्हणजे याचे मार्क मिळतात?" जन्मभर जिच्यापायी बोलणी खाल्ली, त्या भीतीत ती वर्गात पहिली आली. पण तापाची लागण होते तशी भीतीचीही होते. चहा ठेवण्याआधी मीसुद्धा आभाळाकडे बघू लागले.

तिची खरी भीती मात्र वेगळी होती, आणि ती मला पुष्कळ उशिरा कळली. आमच्या कोळीवाड्यात मासळी सुकवायला प्रत्येक घराचं खळं, म्हणजे सारवलेलं अंगण, ठरलेलं असतं आणि दुसऱ्याच्या वाळवणाला कोणी हात लावत नाही. लावला आणि मूठभर जवळा, म्हणजे ती बारीक कोलंबी, कमी भरला, तर भांडण पिढीभर पुरतं. तिच्या लग्नाच्या वर्षी अवेळी पाऊस आला. दोन सख्ख्या जावांची खळी शेजारी शेजारी. धाकटी मुलाला घेऊन दवाखान्यात गेलेली. सगळ्यांनी आपापलं उचललं. थोरलीनेही आपलंच उचललं, आणि धाकटीचा जवळा डोळ्यांदेखत समुद्राकडे वाहून गेला. त्या दिवसापासून जावांचं बोलणं बंद. "मीही खळ्याच्या कुंपणाशी उभी होते काकू," ती म्हणाली. "नुसती उभी. परत तसंच उभं राहावं लागलं तर, याची मला भीती वाटते."

म्हणून तिने पदवीसाठी काम घेतलं ते हेच. सगळ्यांनी मिळून ताडपत्र्या घ्यायच्या आणि जाकिटाची शिटी वाजली की जे जवळ असेल ते उचलायचं, मग ते कोणाचंही असो. ताडपत्र्या आल्या. शिटीही वाजू लागली, दिसेल त्या ढगाला. बायका धावत, हसत, पण उचलत आपापलंच. "गो बाय, तुझ्या शिटीनं पाऊस पन घाबरून पलतो," थोरली म्हणायची.

तपासायला मुंबईहून प्राध्यापक आले, तो दिवस मी विसरणार नाही. यावरच तिचं पास-नापास ठरायचं होतं. खळ्याच्या कडेला टेबल मांडून ती संगणकावर तक्ते दाखवत होती. प्राध्यापकांनी विचारलं, "बायकांमध्ये बदल काय झाला, ते सांगा." ती नुसतीच पुढचे तक्ते सरकवत राहिली. तेवढ्यात खाडीपलीकडे दिघीच्या अंगाला काळा ढग उठला. वारा पडला, कावळे गप्प झाले. धाकटी मुरूडच्या बाजारात गेली होती आणि तिचं खळं उघडं पडलं होतं. शिटी वाजवावी, तर सरांसमोर हसं होणार. न वाजवावी, तर पुन्हा ते कुंपण. शिटी दोनदा तिच्या तोंडातून निसटली.

मग तिने फुंकली.

बायका धावल्या. ती स्वतः धावली. थोरली आपल्या खळ्याकडे निघाली, मध्येच थबकली, धाकटीच्या खळ्याकडे बघितलं, आणि तोंडाने शिव्या देत तिकडेच वळली. झाडूने भराभरा जवळा ओढून तिने ताडपत्री टाकली. प्राध्यापकसुद्धा चकचकीत बुटांनिशी जवळ्याची पाटी धरून उभे राहिले. आणि ढग? तो खाडीवरून सरकत निघून गेला. एक थेंब पडला नाही.

धाकटी बाजारातून परतली. थोरली तोंड फिरवून म्हणाली, "पाऊस न्हाय आला. फुकट उचललं. मापून घे, न्हायतर म्हनशील..."

"ऱ्हाऊ दे," धाकटी म्हणाली. ताडपत्रीची घडी घालत म्हणाली, "च्या ठेवते. येशील?"

प्राध्यापकांनी संगणक मिटला. "पुढचं दाखवायची गरज नाही." ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, "काकू, नापास झाले!" झाली होती पास, पण निकाल हातात पडेपर्यंत तिने कोणाचं ऐकलं नाही.

आता ती दूर दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर असंच काम करते. जाताना शिटी मला देऊन गेली, "आभाळावर लक्ष ठेवा" म्हणाली. शिटी चाव्यांशेजारी खिळ्याला टांगली आहे. मी फुंकली तरी बायका धावतात. तुम्ही तिकडे बर्फातून गाडी चालवता, रात्री एकटे घरी येता. इथून फुंकलेली शिटी काही तिथवर पोचत नाही. तुमच्या शेजारी आहे ना रे कोणी, आपलं सोडून आधी तुमचं उचलणारं?