माझ्या नावानं आलेला निरोप

परवा मोबाइलच्या दुकानात सोल्डरिंगचा जळका वास आला आणि तो उन्हाळा आठवला. ताई लग्न होऊन उमरेडला गेली होती, मी नागपुरातच होते. दर रविवारी दुपारी आम्ही दोघी आपापल्या घरून ऑनलाइन एकच गेम खेळायचो. मे महिन्यात माझा गेम कन्सोल तापून बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं तो उघडून काळा पडलेला भाग मला दाखवला आणि चार दिवसांत नीट करून दिला. फोनवर आम्ही त्यावर हसलोसुद्धा. पुढच्या महिन्यात मात्र कुणीतरी माझ्या गेमच्या खात्याचा पासवर्ड चोरला आणि माझ्या नावानं ताईला घाणेरड्या शिव्या लिहून पाठवल्या. ती एसटीनं थेट घरी आली. "काहून लिहिलं वं असं?" तिनं दारातच विचारलं. "ताई, मी नाही लिहिलं." "तुह्याच नावानं आलं न मले!" या वेळी उघडून दाखवावं असं माझ्याजवळ काहीच नव्हतं. खातं दोन दिवसांत परत मिळालं, पण ताईला पटेपर्यंत दिवाळी उजाडली. आता आम्ही पुन्हा खेळतो. फक्त माझा काही निरोप गेला की ती आधी फोन करते. "तूच होय न वं?" "हो ताई, मीच," मी हसून सांगते, तरी दर वेळी जरासं लागतंच.