दुधाचे दात पडेपर्यंत

कुत्रं पाळायचं असं आमच्या घरात कुणी ठरवलं नव्हतं. माझे यजमान एसटीत कंडक्टर आहेत. तेव्हा त्यांची ड्यूटी लांबच्या गाडीवर होती आणि ती गाडी देवगाव फाट्यावर चहापाण्याला थांबायची. तिथल्या एका टपरीमागे कुत्री व्याली होती. पिलं रस्त्यावर यायची आणि गाड्यांखाली जायची. पाचातली दोन उरली, तेव्हा टपरीवाल्यानं त्यातलं एक यांच्या हातात ठेवलं. संध्याकाळी हे पालमला घरी आले, तेव्हा ते डब्याच्या पिशवीतून नाक बाहेर काढून बसलं होतं. बदामी रंग, पोट मोठं, एक कान उभा आणि एक पडलेला. आमची मुलगी त्याच वर्षी शिकायला नांदेडच्या वसतिगृहात गेली होती. घर गप्प झालंय, राहू दे, असं हे म्हणाले. मीही फार ताणलं नाही.

नावावरून एकमत झालं नाही. हे एका नावानं हाक मारायचे, मुलगी फोनवरून दुसरंच सांगायची, मी नुसतं 'यू यू' करायचे. तो कशालाच यायचा नाही.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. पडवीत माझं शिलाई मशीन. मी बायकांचे ब्लाउज शिवते, त्याला वीस वर्षं झाली. पडवीच्या दुसऱ्या टोकाला सासऱ्यांची बाज असते. मी त्यांना मामा म्हणते. सासूबाई गेल्या, मग गुडघेही गेले, तेव्हा पेडगावचं शेत दुसऱ्याला बटईनं कसायला देऊन मामा आमच्याकडे आले. ऐकू कमी येतं म्हणून त्यांच्या कानात मशीन होतं. पण ते असलं काय आणि नसलं काय, मामा मुळातच कमी बोलणारे. मी चहा ठेवायचे, ते प्यायचे आणि कप बाजेखाली सरकवायचे. वर्षभरात आमचं बोलणं त्यापलीकडे गेलं नव्हतं. कुत्र्याकडे तर ते बघायचेही नाहीत. जवळ आला की काठीचं टोक पुढे करायचे.

पहिल्यांदा गेली ती माझी मापाची टेप. सापडली तेव्हा पहिले सहा इंच नव्हते. मग बॉबिन, खडू, दोऱ्यासकट रीळ. न्हाणीतला साबण त्यानं अर्धा खाल्ला आणि दिवसभर फेस ओकला. टीव्हीच्या रिमोटची बटणं गेली. चपला तर विचारूच नका. आमच्या संपल्या तेव्हा तो गल्लीतल्या आणू लागला, आणि आणायचा तीही एकच. सकाळी दारात शेजारीण एका पायात चप्पल घालून उभी असायची.

मला सुचेल ते मी केलं. दाव्यानं बांधला, तर त्यानं दावं चावून तोडलं. मशीनच्या पायांना आणि चपलांना तिखटाचं पाणी लावलं. दोनदा शिंकला आणि चाटून पुसून टाकलं. काही उचललं की मी मागे धावायचे. मी धावले की तो पुढे धावायचा, वळून बघायचा आणि पुन्हा धावायचा. त्याला तो खेळच वाटत होता हे मला फार उशिरा कळलं. एकदा मी त्याला कापड मापायच्या पट्टीनं मारलं. त्यानं चोरी सोडली नाही, माझ्यासमोर करायची तेवढी सोडली. त्यानंतर तो उचललेली वस्तू घेऊन थेट बाजेखाली शिरायचा आणि आवाज न करता चावायचा. आधी निदान दिसायचं तरी.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्यानं मामांचं कानाचं मशीन नेलं. मामांनी तोंड धुताना ते उशीवर काढून ठेवलं होतं. मला बाजेखाली प्लास्टिकचे तुकडे मिळाले. त्यातला सेल मात्र सापडेना. तो पोटात गेला असेल तर जिवावर बेतेल म्हणून मी कुत्र्याला उचललं आणि भर उन्हात गुरांच्या दवाखान्यात गेले. तिथला माणूस पोट चाचपत होता तेवढ्यात यांचा फोन आला, सेल उशीच्या खोळीत सापडला. मला हायसं वाटलं, आणि मग रागही तेवढाच आला. घरी येऊन मी मामांसमोर उभी राहिले. त्यांना ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही माफी मागितली. मामांनी हात हलवला, जाऊ दे अशा अर्थानं. परभणीला जाऊन नवीन मशीन घ्यायचं, तर यांना सुट्टी मिळायला महिना लागणार होता. तोवर मामांशी खुणेनंच बोलायचं असं ठरलं.

त्याच आठवड्यात बाहीचा प्रकार झाला.

पलीकडच्या आळीतल्या एका बाईंच्या मुलीचं लग्न नऊ दिवसांवर आलं होतं. हळदीच्या साडीतला ब्लाउजपीस त्यांनी माझ्याकडे टाकला होता. पिवळं कापड, हिरवा काठ. मी बेतून कापलं, तुकडे मशीनवर ठेवले आणि दूध उतू चाललं म्हणून आत गेले. परत आले तेव्हा डाव्या बाहीचा तुकडा नव्हता. मी बाजेखाली वाकले. बाही त्याच्या पुढच्या पायांत होती, काठाच्या जागी भोक आणि बाकी चिंध्या.

वीस वर्षांत माझ्या हातून कुणाचं कापड वाया गेलं नव्हतं. संध्याकाळी यांना सांगितलं, रविवारी गाडीवर जाताना याला घेऊन जा आणि फाट्यावर सोडून या. जेवताना हे एवढंच म्हणाले, की त्या बाईंना सांग, कापड मशीनमध्ये अडकून फाटलं. मी नाही म्हटलं. मशीनमध्ये अडकलेलं कापड कसं फाटतं हे बायकांना कळतं.

दुसऱ्या दिवशी चिंध्या झालेली बाही पदराखाली घेऊन मी त्यांच्याकडे गेले. घरात पाहुणे, ओसरीत पापडांचं वाळवण. मी त्यांना बाजूला बोलावलं, बाही दाखवली, काय झालं ते सांगितलं. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग मुलीला हाक मारली. मला वाटलं मुलगी रडेल. तिनं भोकातून बोट घातलं आणि विचारलं, कुत्रा केवढा आहे. मी हातानं दाखवलं. ती हसली, आई नाही हसली. शेवटी आईनंच तोड काढली. साडीचं आतलं टोक कमरेला खोचायचं असतं, ते कुणाला दिसत नाही. तिथला काठासकट तुकडा काढून बाही करा, असं त्या म्हणाल्या. पण कात्री त्यांच्यासमोर चालवायची. त्या साडी घेऊन माझ्या पडवीत आल्या आणि मी कापेपर्यंत शेजारी बसून राहिल्या. त्यांनी बोटानं जागा दाखवली, मी कापलं. बाही नीट बसली. शिलाई मी घेतली नाही.

मामा हे सगळं बाजेवरून बघत होते. त्या बाई गेल्यावर त्यांनी मला हातानं बोलावलं. कुत्रा बाजेच्या पायाशी होता, कारण पट्टीचा मार खाल्ल्यापासून तो माझ्यापासून लांबच राहायचा. मामा वाकले, त्याची मान एका हातात धरली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं त्याचं तोंड उघडलं. बाजारात बैलाचं वय बघायला दात बघतात, तसं. कुत्र्यानं हूं की चूं केलं नाही. मामांनी मला जवळ येऊन बघायला सांगितलं. पुढचे बारीक दात पडले होते, हिरड्या लाल, आणि एक नवा दात अर्धा वर आलेला.

"दात पडायलेत त्याचे," मामा म्हणाले. ऐकू येत नसल्यानं ते जरा मोठ्यानंच बोलले. "तोंड ठणकायलंय. चावू न्हाई तर काय करंल? रविवारी कुठं धाडू नका. महिनाभर त्याचा जिम्मा माझा."

वर्षभरात मामा माझ्याशी एवढं सलग पहिल्यांदा बोलले होते. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कामाला सुरुवात केली ती आमच्यापासून. यांच्याकडून भिंतीत खिळे ठोकून घेतले, कमरेच्या वर. चपला एका जुन्या पिशवीत घालून खिळ्याला टांगायच्या. माझ्या शिलाईच्या सामानाला झाकणाचा डबा. कापलेलं कापड दोरीवर, मशीनवर नाही. मी एकदा विसरले तेव्हा ते म्हणाले, कापसाचा ढीग मोकळा ठिवायचा, गाय सोडायची, आन् मंग गायीला बोलायचं, ह्यात काय अर्थ हाय. मला ते लागलं. पण कापड मीच मशीनवर ठेवलं होतं.

मग त्यांनी गोणपाटाच्या पट्ट्या कापून त्याचा जाड पीळ वळला आणि मध्ये दोन गाठी मारल्या. तो पीळ माठाखालच्या पाण्यात भिजवून कुत्र्याला द्यायचे. गार पाण्यानं हिरड्यांना बरं वाटत असावं. तासभर तो त्यातच गुंतायचा. दुपारसाठी कडक वाळलेल्या भाकरीचा पापुद्रा. सकाळी ऊन चढायच्या आत मामा काठी टेकत त्याला गावाबाहेरच्या रस्त्यानं फिरवून आणायचे. गुडघ्यांमुळे त्यांना लांब जाववत नव्हतं, म्हणून कुत्र्याला लांब दोर लावायचे आणि स्वतः मध्ये थांबून त्याला भोवती पळू द्यायचे. आल्यावर दोघंही झोपायचे.

तरी चोरी व्हायचीच. तेव्हा मामांचा एकच नियम होता, त्याच्या तोंडातून ओढायचं नाही आणि मागे धावायचं नाही. भाकरीचा तुकडा जमिनीवर ठेवायचा आणि गप बसायचं. तो भाकरीसाठी तोंडातली वस्तू टाकायचा, मग ती उचलायची. माझा कंगवा असा दाताचे व्रण न पडता परत आला. मला ते खरं वाटेना. मी स्वतः दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा जमलं.

तीन आठवडे बरे गेले. मग एका दुपारी तो शेजारणीची चप्पल घेऊन आला, मामांसमोर ठेवली आणि शेपूट हलवत उभा राहिला. भाकरी मिळते म्हणून तो आता मुद्दाम वस्तू आणू लागला होता. एका दिवसात त्यानं चार चपला आणि कुणाची तरी चहाची गाळणी आणली. शेजारीण भांडायलाच आली. मामांना तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण कळत होतं. ती गेल्यावर मामा मला म्हणाले, "मीच शिकिवलं की त्याला हे." आणि ते हसले. मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

रेबीजचं इंजेक्शन द्यायला आम्ही गुरांच्या दवाखान्यात गेलो, तेव्हा तिथल्या माणसाला हे सांगितलं. त्यानं सांगितलं की आणलेल्या वस्तूला काही देऊ नका. तुम्ही सांगितल्यावर सोडली तरच द्या, आणि तेही दर वेळी नको. घरी आल्यावर मामांनी 'सोड' हा शब्द धरला. बोलताना तळहात उघडा करायचे. पहिले काही दिवस कुत्रा नुसता हाताकडे बघायचा. मग एकदा त्यानं पीळ तळहातावर ठेवला. शब्दापेक्षा त्याला हातच कळत होता. आजही मी नुसतं तोंडानं 'सोड' म्हटलं तर तो ऐकत नाही, हात पुढे करावा लागतो.

महिना संपला तेव्हा त्याला परत फाट्यावर नेण्याचा विषय कुणी काढला नाही. यांना सुट्टी मिळाली, मामांचं नवीन कानाचं मशीन आलं. मामांनी ते घातलं. कुत्रा भुंकला, तसं काढून ठेवलं, खिळ्याला टांगलेल्या डबीत. पाहुणे आले की तेवढं घालतात.

त्या दिवसांत एकदा मी हातशिलाई करत पडवीत बसले होते. मामा कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड काढत होते. मी खुणेनं विचारलं, आधी काठी दाखवत होतात त्याला, आता काय झालं. एक गोचीड काढून त्यांनी दगडावर चिरडला.

"पेडगावची बैलजोडी इकल्यापासून मी कुण्या जनावराला हात लावला नव्हता, माय," ते म्हणाले. "बाजारात दावं दुसऱ्याच्या हातात दिलं. तवाच ठरिवलं, आता पुन्हा न्हाई."

मी सुई खाली ठेवून चहा टाकायला उठले. त्या दिवसापासून माझा चहाही मी पडवीतच आणते.

आठ महिन्यांचा झाला तेव्हा त्याचे सगळे दात आले आणि चावणं आपोआप कमी झालं. आता दीड वर्षाचा आहे. चपला उचलत नाही. वाळत घातलेला पायमोजा दिसला तर मात्र राहवत नाही, त्यामुळे यांचे मोजे आत पंख्याखाली वाळतात. मुलगी सुट्टीला येते आणि पहिल्या दिवशी हमखास तिची चप्पल दारात सोडते. मामा काठीनं ती उचलून पिशवीत टाकतात. जिची बाही कुत्र्यानं फाडली ती मुलगी लग्नानंतर मध्ये माहेरी आली होती, तेव्हा कुत्रा बघायला मुद्दाम आमच्याकडे आली. हाच का तो, म्हणाली, आणि त्याला बिस्किट दिलं. नंतर मला पोलक्याचं कापड देऊन गेली. ते मी लगेच दोरीवर टाकलं.