टाचणीमावशीचा अंतिम सामना

कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला खेटून, एक शिवणाचं दुकान आहे. दुकानाला पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. मुली सरळ म्हणतात, "टाचणीमावशीकडे जाऊन येते गं." मावशीच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यात सकाळपासून टाचण्या असतात, डोकी बाहेर काढून बसलेल्या. त्यांच्यासकट ती बोलते, रागावते, हसते. एकदा म्हणे शिंकली, तरी एक टाचणी हलली नाही. तिचा नवरा कापड बेततो, त्याला सगळे मास्तर म्हणतात. तो म्हणतो, "आमचं भांडण आजवर कधी रंगलंच नाही. हिची अर्धी वाक्यं टाचण्यांत अडकतात, आणि उरलेली मला ऐकू येत नाहीत."

शहरातल्या मुलींच्या कॉलेजांची टेनिसची अजिंक्यपद स्पर्धा दरवर्षी भरते. त्या स्पर्धेचे पांढरे पोशाख ह्या दुकानात शिवले जातात. आधी मावशीची सासू शिवायची, आता मावशी. स्पर्धेचा इतिहास ज्यांना हवा त्यांच्यासाठी कॉलेजात कप मांडलेत, भिंतीला फोटो आहेत. मावशीकडचा इतिहास निराळा. तो मुंढ्यांचा आहे. बाही खांद्याला जिथे जोडतात त्या गोल कडेला शिवणकामात मुंढा म्हणतात, आणि मावशीचं म्हणणं असं की बाईमाणसाचं काय चाललंय ते मुंढ्याला सगळ्यांत आधी कळतं.

सासूने तिला सांगितलेली पहिली स्पर्धा अशी. चार कॉलेजं. मुलांचा खेळ आटोपला की त्यांचं मैदान उसनं घ्यायचं, भोवती कापडाची कनात लावायची, म्हणजे रस्त्यावरच्यांना काही दिसू नये. पोरींचे झगे घोट्यापर्यंत, आत जाड मोजे. वाऱ्याने उडू नयेत म्हणून खालच्या दुमडीत शिशाचे मणी घालून शिवलेले. धावलं की ते मणी नडगीवर टकाटक आपटायचे. वसतिगृहाच्या बाई लाकडी पट्टी घेऊन दारात उभ्या, झगा जमिनीपासून किती वर आहे ते मोजायला. आणि एवढं करून जिंकलेल्या पोरीला बक्षीस काय, तर शिवणाची पेटी! मुलांना चांदीचा कप, पोरीला सुया. त्या पोरीने पेटी उघडली, मिटली आणि तशीच सासूच्या हातात ठेवली. "मी चेंडू मारते. सुया तुम्ही मारा."

मग मोजे गेले. मणी गेले. झगा चढत चढत गुडघ्याशी येऊन थांबला, तिथे बरीच वर्षं रेंगाळला. एका वर्षी पोरींनी बिनबाह्यांचे पोशाख मागितले तेव्हा कॉलेजने डोळे वटारले. बाह्या पाहिजेतच. सासूने लावल्या बाह्या, मोठ्या नीटनेटक्या, इस्त्री करून. फक्त टीप मारायच्या ऐवजी कच्चा धावदोरा घातला. अंतिम सामन्याला दोन्ही पोरी मैदानात आल्या, एकमेकींकडे बघितलं, आणि एकेका हिसक्यात बाह्या ओढून काढून पंचाच्या खुर्चीखाली ठेवल्या. प्राचार्य सासूकडे तक्रार घेऊन आले, तर ती म्हणाली, "दोराच वाईट निघाला हो ह्या खेपेला." पुढच्या वर्षीपासून बाह्यांचा विषय कुणी काढला नाही.

आणि खांदे वाढले. हे कुठल्या फोटोत दिसत नाही, पण मावशीच्या मापाच्या फितीने पाहिलंय. पूर्वी पोरी सर्व्हिस करायच्या म्हणजे चेंडू नुसता पलीकडे पाठवायच्या, कुणाकडे डबा पाठवावा तसा. मग त्या तो हाणायला लागल्या. दरवर्षी मुंढा थोडा उतरवावा लागायचा, पाठ थोडी रुंद करावी लागायची. "पोरी भरतायत," मावशी टाचण्यांतून म्हणायची, आणि तिला उगाच बरं वाटायचं.

एवढं असून मावशीने एकही सामना पाहिलेला नव्हता. अंतिम सामन्याच्या दिवशी तिची जागा ठरलेली. मैदानाच्या कडेला पायऱ्या आहेत, त्यांच्या खाली कपडे बदलायची खोली. तिथे बाकावर, दोरा ओवलेली सुई घेऊन, ती बसायची. कुणाचं बटण, कुणाची नाडी, कुणाचा उसवलेला काठ. वर टाळ्या पडायच्या, पायऱ्यांवरून पाय धडधडायचे, आणि मधे मधे तो आवाज, ठक, मग थोडं थांबून, ठक. ती म्हणायची, "बाहेर जाऊन बसले आणि इकडे कुणाचं उसवलं तर?" मास्तर मात्र जायचे. परत आल्यावर ती विचारायची, "काय झालं हो?"

"ऊन फार होतं."

"अहो, सामन्यात काय झालं?"

"एक जिंकली. दुसरी काही जिंकली नाही."

मग तिचा सामना तिच्या मनातच व्हायचा. स्पर्धेनंतर पोशाख दुरुस्तीला यायचे. काखेत ताणलेली शिवण, गुडघ्यावर तांबडी माती, कमरेशी हाताची पुसलेली बोटं. ते मांडीवर घेऊन दुपारी तिचा डोळा लागायचा आणि मैदान उलगडायचं, ताग्यातून कापड उलगडावं तसं. वारा नसताना जाळी हलायची. चेंडू इतका सावकाश जायचा की त्यावरची लव दिसायची. ह्या बाजूला मण्यांच्या झग्यातली, सासूच्या वेळची पोरगी, त्या बाजूला यंदाची, उघड्या खांद्यांची. दोघी काही बोलायच्या नाहीत. एक मारायची, दुसरी परतवायची, मधल्या सगळ्या वर्षांवरून चेंडू जायचा यायचा. कुणाला दम लागायचा नाही. चेंडू वर चढला, चढत राहिला, आता पडेल, आणि नेमकी जाग यायची. कोण जिंकलं ते मावशीला एकदाही कळलं नाही.

तिची भाची, बहिणीची धाकटी, कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला आली. घरात तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी उभी राहून दातसुद्धा घासत नाही. भिंगरी टेनिस खेळायला लागली, संघात आली आणि शेवटच्या वर्षी थेट अंतिम सामन्यात पोचली. परीक्षा झाली की तिला दूरच्या शहरात नोकरीवर हजर व्हायचं होतं. आदल्या संध्याकाळी ती मावशीच्या मशीनवर येऊन बसली. मशीनवर बसलेलं मावशीला खपत नाही.

"ऊठ आधी."

"उठत नाही. उद्या तू बाहेर बसायचं. खुर्चीवर. मला बघायचं."

"अगं, मी असतेच की तिथे."

"पायऱ्यांखाली असतेस! जाळ्यातल्या कोळ्यासारखी. इतकी वर्षं मी खेळतेय, माझी आई लांब, ती येऊ शकत नाही, आणि तू दहा पावलांवर असून तू पण नाही. हे शेवटचं आहे मावशी. पुढच्या वर्षी मी कुठल्या तरी कचेरीत बसलेली असेन. एकदा तरी कुणीतरी घरचं माणूस बघू दे मला."

"मी असतो ना," मास्तर कात्री पुसत म्हणाले.

"काका, तुम्ही मागच्या वेळी दुसऱ्याच मुलीला टाळ्या वाजवत होतात."

"लांबून सगळ्या पांढऱ्याच दिसतात गं."

मावशीने तोंडातल्या टाचण्या काढल्या. उशीत खोचल्या. तेव्हा भिंगरीला कळलं की ही आता मनापासून बोलणार. "येते," मावशी म्हणाली. "बसते खुर्चीवर."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पहिल्या रांगेत खुर्ची धरली, तिच्यावर स्वतःची टोपी ठेवली. मावशी मात्र खोलीतच अडकली. बक्षीस समारंभात गाणाऱ्या मुलींची बटणं निघाली होती, मग एकीची चेन अडकली. "झालंच, आलेच," म्हणता म्हणता पहिला सेट वर होऊन गेला. टाळ्यांवरून तिने ओळखलं, भिंगरीने घेतला. दुसरा गेला. तिसरा सुरू झाला, चार-चार गेम झाले. ती सुई उशीत खोचून उठली, पदर सारखा केला, आणि दार धाडकन उघडलं.

दारात दुसरी पोरगी. भिंगरीच्या समोरची, पलीकडच्या कॉलेजची, जिला सगळे शिडी म्हणत. उजव्या काखेपासून बरगडीपर्यंत पोशाख उसवलेला. सकाळच्या सामन्यातला दुसरा पोशाख घामाने पिळून दोरीवर टाकलेला होता.

"मावशी, पंचांनी थोडाच वेळ दिलाय."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. ही शिवण तिची होती. तिने मारलेली टीप आजवर मैदानात कधी सुटली नव्हती. तिने काखेत बोटं घातली आणि तिला उमगलं. दोरा तुटला नव्हता, कापड फाटलं होतं. माप घेतलं तेव्हा हा खांदा एवढा नव्हता. पोरीने तेवढ्या दिवसांत सराव करून तो वाढवला होता.

"इथे उजेड नाही पुरत मला," ती म्हणाली. "चल बाहेर."

आणि टाचणीमावशी पायऱ्यांखालून बाहेर आली, तिने शिडीला मैदानाच्या कडेच्या बाकावर बसवलं, सगळ्या लोकांसमोर. शिडीने हात वर केला, तो टेकायला जागा नव्हती म्हणून मावशीच्या डोक्यावर ठेवला. पायऱ्यांवर कुणीतरी हसलं. नुसत्या कडा ओढून जोडल्या असत्या तर दहा टाक्यांत काम होतं. पण मग हात वर जाताना अडला असता. ढिलं करायचं तर काखेत चौकोनी तुकडा घालायला हवा, ज्याला चौबगला म्हणतात. मावशीने वर बघितलं. पलीकडच्या बाकावर भिंगरी पाणी पीत होती, बाटलीवरून तिच्याकडेच बघत होती. मावशीने कमरेचा पांढरा रुमाल काढला, दातांनी कड तोडली, टर्रकन तुकडा फाडला आणि घातला चौबगला. हात असा चालला की तिचा तिलाच दिसेना.

"हलव बघू."

शिडीने हात फिरवला. तिचा चेहरा बदलला. "मावशी, हा तर... हे आधी का नव्हतं?"

"आधी तू नव्हतीस एवढी. जा."

मावशी तिथेच बाकाशेजारी उभी राहिली. मास्तर लांबून टोपी हलवत होते, ते तिला दिसलं नाही. खेळ सुरू झाला. शिडीने चेंडू वर टाकला, हात गेला, सरळ गेला, आणि ठक. भिंगरी हललीसुद्धा नाही. पुन्हा ठक. मावशी श्वास धरून त्या काखेतल्या रुमालाच्या तुकड्याकडे बघत होती. टाका धरतोय. धरला. आता मागे वाकली, आता ताण येईल, धरला. चेंडू कुठे गेला, टाळी कुणाला पडली, तिला पत्ता नव्हता. उन्हात सगळं पांढरं झालं होतं आणि त्या पांढऱ्यात तो एक चौकोन वर जात होता, खाली येत होता. मग एकदम आरडाओरडा झाला. शिडी दोन्ही हात वर करून उभी होती. चौबगला जागच्या जागी होता. मावशीने हुश्श केलं आणि टाळी वाजवली.

टाळी वाजवताना तिची भिंगरीशी नजरानजर झाली.

संध्याकाळी मैदान रिकामं झालं, खुर्च्या एकात एक घालून रचल्या गेल्या. मावशी तिला शोधत आली. भिंगरी जाळीपाशी जमिनीवर बसून बुटांतली माती झटकत होती.

"रागावलीस?"

"हरले म्हणून नाही. तिची सर्व्हिसच तशी यायला लागली. तू तिचा हात मोकळा केलास, ते तुझं कामच आहे. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं." मग तिने हातातला बूट खाली आपटला. "पण तू अख्खा वेळ तिच्याकडेच बघत होतीस गं! मी मधे तीनदा बघितलं. शेवटच्या पॉइंटला मी जाळीपर्यंत धावले, पडले, ते तरी पाहिलंस का?"

मावशीला खोटं बोलता आलं असतं. गुडघ्यावरची माती समोर दिसतच होती.

"नाही पाहिलं," ती म्हणाली.

भिंगरीने नाक पुसलं, उठली, कोपऱ्यातली चेंडूंची टोपली ओढत आणली. पंचाची उंच खुर्ची अजून तिथेच होती. "चढ."

"ह्याच्यावर? अगं, पडेन मी."

"चढ म्हणते ना!"

मावशी साडी सावरत, शिव्या घालत, एकेक पायरी चढली. वर गेल्यावर वारा लागला. मैदान खाली पसरलेलं, रेघा अर्ध्या पुसलेल्या, पलीकडे कुणी नाही. भिंगरी रेघेपाशी गेली. चेंडू दोनदा आपटला, वर टाकला, आणि मारला. तो पलीकडे रिकाम्या मैदानात पडून कुंपणापर्यंत गेला. तिने दुसरा घेतला. तिसरा. मावशीने खांद्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं, आणि पहिल्यांदा जड गेलं. नजर शिवणीकडे ओढ घ्यायची, ती परत आणायची. मग हळूहळू बाकीची पोरगी दिसायला लागली. टाचा उचलणं. वळणारी कंबर. मान मागे टाकून आभाळात काहीतरी शोधावं तसा तो चेहरा.

"काय दिसलं?" भिंगरीने खालून विचारलं. आवाज अजून थोडा रुसलेला होता.

"हसतेस तू," मावशी म्हणाली.

"मी?"

"चेंडू वर गेला की. अगदी तेवढ्यापुरतं. दात दिसतात."

"काहीतरीच! कुणी सांगितलं नाही मला कधी."

"कुणी बघितलं नसेल."

भिंगरीने टोपलीत हात घातला. "खोटं बोलतेस. परत बघ."

"बघते," मावशी म्हणाली, आणि खुर्चीचे दोन्ही हात धरून पुढे वाकली.